ठोकळे मोठ्यांच्या हाती

लेगोच्या आर्किटेक्चर मालिकेतला ताजमहाल २०२१ साली बाजारात आला. तुकडे २,०२२. जेवणाच्या टेबलावर चार रात्री बसून मी तो जोडला. त्यातले पांढरे घुमट माझ्या तेवढे लक्षात राहिले नाहीत, जेवढं तळघर राहिलं. सगळ्यात खाली दोन छोट्या कबरी बसवायच्या असतात, मुमताजची आणि शाहजहानची. त्यांच्यावर मुख्य दालन येतं आणि तिथे, खऱ्या ताजमध्ये आहेत तशाच, दोन दर्शनी कबरी. मग भिंती चढतात, कमानी लागतात, घुमट बसतो आणि आतलं सगळं झाकून जातं. घरी आलेला पाहुणा बाहेरचा ताज बघतो. आत काय आहे हे जोडणाऱ्याला ठाऊक असतं.

मोठ्या माणसांनी ठोकळ्यांच्या खेळावर हजारो रुपये का घालावेत, हा प्रश्न या छंदातल्या प्रत्येकाला कधी ना कधी घरातच विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. आज काही संचांची किंमत चांगल्या फ्रिजच्या पुढे जाते. त्याचं निम्मं उत्तर त्या झाकलेल्या तळघरात आहे. उरलेलं निम्मं शोधायचं तर या ठोकळ्याचा इतिहास, त्याचा बाजार, त्याच्या नकला आणि त्याचं आयुष्य असं सगळंच पाहावं लागतं.

सुताराचा कारखाना, मुलाची नळी

डेन्मार्कमधल्या बिलुंड या लहान गावातला सुतार ओले कर्क क्रिस्तियानसेन याने १९३२मध्ये, मंदीत घरबांधणीची कामं आटली तेव्हा, लाकडी खेळणी करायला घेतली. दोन वर्षांनी कारखान्याला 'लेगो' हे नाव मिळालं ते 'छान खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याने प्लास्टिक साच्यात ओतणारं यंत्र घेतलं आणि १९४९मध्ये एकमेकांवर बसणारे ठोकळे बाजारात आणले. मूळ कल्पना त्याची नव्हती. इंग्लंडमधल्या किडिक्राफ्ट या कंपनीचे हिलरी फिशर पेज यांनी तसे ठोकळे आधीच बनवले होते आणि लेगोने त्यांच्यावरूनच सुरुवात केली. पुढे १९८१मध्ये कंपनीने किडिक्राफ्टच्या ठोकळ्यांचे हक्क विकत घेतले. या छंदावर प्रेम करणाऱ्याने पेज यांचं नाव विसरू नये.

ते सुरुवातीचे ठोकळे आतून पोकळ होते. एकावर एक बसत, पण धरून राहत नसत. थोडी उंच भिंत केली की हलायची. ओलेचा मुलगा गॉडफ्रेड याने यावर काढलेला उपाय साधा होता. ठोकळ्याच्या पोटात नळ्या घालायच्या. वरचा गोल उंचवटा, ज्याला सगळे 'स्टड' म्हणतात, तो दुसऱ्या ठोकळ्याच्या भिंती आणि नळी यांच्यामध्ये घट्ट अडकतो. २८ जानेवारी १९५८ रोजी त्याने पेटंटसाठी अर्ज केला. १९६३पासून ठोकळे एबीएस या टणक प्लास्टिकचे होऊ लागले. हे प्लास्टिक आकार सोडत नाही, रंग धरून ठेवतं आणि किंचित ताणून परत मूळ जागी येतं.

या पकडीला छंदातले लोक 'क्लच' म्हणतात. दोन स्टडमधलं अंतर ८ मिलिमीटर, ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर आणि साच्यातली चूक काही मायक्रॉनच्या आत. एवढी काटेकोर मापं पाळली की ठोकळा लहान मुलाच्या बोटांनी निघतो, पण दीड मीटरचा मनोरा उभा केला तरी सुटत नाही. १९५८नंतरचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो, हे या खेळाचं सर्वांत मोठं वैशिष्ट्य. आजोबांच्या पेटीतला लाल ठोकळा नातवाच्या नव्या संचात चपखल बसतो. आठ स्टडचे, एकाच रंगाचे सहा ठोकळे किती प्रकारे जोडता येतात, याचा हिशेब कोपनहेगनच्या गणितज्ञांनी संगणकावर केला. उत्तर आलं ९१,५१,०३,७६५.

मोठे परत कसे आले

छंदातल्या जुन्या मंडळींच्या बोलण्यात 'डार्क एजेस' हा शब्द हमखास येतो. लहानपणी खेळलेले ठोकळे दहावी-बारावीच्या सुमारास माळ्यावर जातात आणि नोकरी लागून हातात पैसे आले की कधीतरी परत खाली येतात. मधली ती वर्षं म्हणजे डार्क एजेस. नव्वदच्या दशकात इंटरनेट आलं आणि अशा परतलेल्या लोकांना एकमेकांचा पत्ता लागला. २०००मध्ये ब्रिकलिंक ही सुट्या तुकड्यांची आणि जुन्या संचांची बाजारपेठ सुरू झाली. हवा तो रंग, हवा तो आकार, हवी तेवढी संख्या जगभरातल्या विक्रेत्यांकडून मागवता येऊ लागली. स्वतःच्या मनातलं बांधणाऱ्यांना, म्हणजे छंदाच्या भाषेत 'मॉक' करणाऱ्यांना, खरं बळ मिळालं ते तिथून. २०१९मध्ये लेगोनेच ही बाजारपेठ विकत घेतली.

कंपनीला मात्र मोठ्या माणसांची किंमत कळायला संकट यावं लागलं. २००३मध्ये लेगोला प्रचंड तोटा झाला. मनोरंजन बागा, व्हिडिओ गेम, कपडे, नवनव्या आकारांचे शेकडो तुकडे, असा पसारा वाढला होता. २००४मध्ये यॉर्गन विग क्नुडस्टॉर्प हे घराण्याबाहेरचे पहिले प्रमुख झाले. त्यांनी बागांचा मोठा हिस्सा विकला, तुकड्यांच्या प्रकारांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आणली आणि कंपनीला पुन्हा ठोकळ्याकडे नेलं. मोठ्यांचा बाजार वाढला तो याच काळात. २००७मध्ये 'स्टार वॉर्स'मधल्या मिलेनियम फाल्कनचा ५,०००हून अधिक तुकड्यांचा, ५०० डॉलरचा संच आला. त्याच वर्षी 'कॅफे कॉर्नर' आला आणि एकमेकींना चिकटून रस्ता तयार करणाऱ्या इमारतींची मालिका सुरू झाली. आजही दरवर्षी तीत एक इमारत वाढते आणि कित्येक घरांत ती एका कपाटापासून दुसऱ्यापर्यंत पसरलेली असते.

२०२०मध्ये कंपनीने काळ्या खोक्यांवर '१८+' छापायला सुरुवात केली. लहान मुलांसाठी धोका म्हणून तो आकडा नव्हता. हा संच तुमच्यासाठी आहे, असं मोठ्यांना उघड सांगणं होतं. त्यानंतरचे आकडे पाहण्यासारखे आहेत. २०२०चं रोमचं कलोसियम ९,०३६ तुकड्यांचं. २०२१चं टायटॅनिक ९,०९० तुकड्यांचं आणि १३५ सेंटिमीटर लांब. २०२२चा आयफेल टॉवर १०,००१ तुकड्यांचा आणि जवळजवळ दीड मीटर उंच. २०२५मध्ये आलेल्या, 'स्टार वॉर्स'मधल्याच 'डेथ स्टार'ची किंमत एक सेंट कमी १,००० डॉलर. २०२४मध्ये लेगो समूहाचं उत्पन्न ७४ अब्ज डॅनिश क्रोनच्या वर गेलं.

आकड्यांबाबत एक सावधगिरी हवी. अमेरिकेत तुकड्यामागे सुमारे १० सेंट हा भाव योग्य मानायची जुनी पद्धत आहे, पण ती फसवू शकते. २०२१च्या जगाच्या नकाशात ११,६९५ तुकडे आहेत आणि त्यांतले बहुतेक नखाएवढे, एका स्टडचे गोल. तुकडे मोजण्यापेक्षा कोणते तुकडे आहेत आणि जोडताना काय शिकायला मिळतं, ते पाहावं.

हाताला काय मिळतं

टायटॅनिक तीन भागांत सुटं होतं. मधला भाग उघडला की आत जहाजाचं इंजिन दिसतं आणि मागचे पंखे फिरवले की इंजिनाचे दट्टे वर-खाली होतात. ते जोडताना बोटांना जे कळतं, ते चित्रपट पाहून किंवा पुस्तक वाचून कळत नाही. जहाजाचं पोट किती मोठं होतं, इंजिन किती खाली होतं, वरच्या डेकवरच्या जीवरक्षक नावा त्या पोटाच्या मानाने किती थोड्या होत्या. मोठ्या माणसाला ठोकळ्यांतून मिळणारं पहिलं सुख हेच आहे. एखादी वस्तू आतून बाहेर कशी उभी राहते, ते हाताने समजतं.

दुसरं सुख रचनेतल्या युक्त्यांचं. २०२१च्या बोन्साय झाडाला गुलाबी बहर आहे. जवळून पाहिलं की त्यातली कितीतरी फुलं म्हणजे इवलेसे गुलाबी बेडूक असतात. आधी कुठल्या तरी डबक्यात बसवण्यासाठी केलेला बेडूक रंग बदलून चेरीचं फूल झाला, नवा साचा करावा लागला नाही. २०१७च्या सॅटर्न-५ अग्निबाणात तुकडे मोजून १,९६९ आहेत, माणूस चंद्रावर उतरला त्या वर्षाएवढे. हा अग्निबाण कंपनीच्या नोकरांनी सुचवलेला नव्हता. कंपनीच्या 'लेगो आयडियाज' या संकेतस्थळावर कोणीही आपली रचना मांडू शकतो. तिला १०,००० लोकांचा पाठिंबा मिळाला की कंपनी विचार करते आणि निवडली तर विक्रीतला १ टक्का मूळ कल्पकाला मिळतो. ग्राहकाच्या डोक्यातली रचना कारखान्यात पोचण्याचा असा खुला रस्ता फार थोड्या उद्योगांत आहे.

यावर एक जुना आक्षेप आहे. पुस्तिकेतल्या पायऱ्या बघून तुकडे लावणं ही कसली निर्मिती? या आक्षेपात तथ्य आहे, पण ते पूर्ण नाही. नमुना बघून स्वेटर विणणाऱ्या बाईच्या कामाला आपण हलकं मानत नाही. नमुना दुसऱ्याचा असतो, टाके तिचे असतात आणि दहा नमुने विणून झाले की अकरावा ती स्वतः काढते. ठोकळ्यांतही तसंच होतं. पाच-सहा मोठे संच जोडले की भिंत आडवी कशी लावायची, कमानीखाली भार कसा घ्यायचा, वळण कसं आणायचं, हे हातात बसतं. पुस्तिका मग शिक्षकाची जागा घेते. अडचण शिक्षकाची नाही. शिकून झाल्यावरही माणूस स्वतः काही बांधत नाही, ही अडचण आहे आणि तिचं कारण बाजारात आहे.

बंद खोक्यांचा बाजार

लेगोचा संच साधारण दोन-तीन वर्षं विकला जातो आणि मग बंद होतो. लोक म्हणतात, 'सेट रिटायर झाला'. त्यानंतर न उघडलेल्या खोक्याचा भाव वाढतो. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या अभ्यासकांनी १९८७ ते २०१५ या काळातल्या २,३००हून अधिक संचांचे भाव तपासले आणि वर्षाला सरासरी ११ टक्क्यांच्या आसपास परतावा निघतो, असं मांडलं. ही बातमी जगभर पसरली. तेव्हापासून जोडण्यासाठी घेणाऱ्यांच्या शेजारी साठवण्यासाठी घेणारे उभे राहिले. फ्रान्स आणि अमेरिकेत महागडे संच चोरणाऱ्या टोळ्या पोलिसांना पकडाव्या लागल्या.

सरासरीचा हा आकडा ऐकून खोकी साठवणाऱ्याने पहिल्या ताजमहालाची गोष्ट ऐकावी. मी जोडलेल्या छोट्या ताजच्या आधी, २००८मध्ये, ५,९२२ तुकड्यांचा भव्य ताज आला होता. किंमत ३०० डॉलर. बंद झाल्यावर त्याचा भाव मूळ किमतीच्या कितीतरी पट गेला. पुष्कळांनी खोकी सांभाळून ठेवली. २०१७मध्ये कंपनीने तोच ताज एक तुकडा वाढवून ३७० डॉलरला परत विकायला काढला आणि जुन्या खोक्यांचा भाव कोसळला. ज्यांनी तो वर्षानुवर्षं फडताळात झाकून ठेवला होता, त्यांच्या हाती ताजही आला नाही आणि नफाही गेला. ज्यांनी २००८मध्येच तो जोडला, त्यांचं काहीच गेलं नाही.

माझं मत स्पष्ट आहे. बंद खोकं ही गुंतवणूक म्हणून कच्ची आहे. ती जागा खाते, ओल पकडते, विकताना टपालखर्च वाढवते आणि कंपनीच्या एका निर्णयाने पडते. आणि खेळणं म्हणून ती पूर्ण वाया आहे. ठोकळ्याचं सगळं मोल पकडीत आहे आणि पकड वापरल्याशिवाय कळत नाही.

नकला आणि पर्याय

मूळ पेटंटची मुदत संपली तसे इतर कंपन्यांनी त्याच मापाचे ठोकळे काढले. लेगोने ठोकळ्याचा आकारच व्यापारचिन्ह म्हणून राखायचा प्रयत्न केला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५मध्ये आणि युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१०मध्ये तो नाकारला. तांत्रिक काम करणारा आकार कायमचा कोणा एकाचा असू शकत नाही, हा त्यामागचा विचार आणि तो योग्यच आहे. त्यामुळे पोलंडच्या कोबीसारख्या कंपन्या स्वतःच्या रचना करून कायदेशीरपणे ठोकळे विकतात. लेगो खऱ्या लष्करी वाहनांचे संच टाळते. तिथे कोबीचे रणगाडे आणि विमानं घेणारा मोठा वर्ग आहे.

नक्कल ही वेगळी गोष्ट. चीनमधली 'लेपिन' लेगोच्या रचना, पुस्तिका आणि खोक्याची चित्रंसुद्धा उचलून विकत होती. २०१९मध्ये शांघाय पोलिसांनी छापा घातला आणि २०२०मध्ये तिच्या प्रमुखाला सहा वर्षांची शिक्षा झाली. स्वस्त मिळतं म्हणून चोरलेली रचना घेण्यापेक्षा स्वतःची रचना असलेली दुसरी कंपनी निवडावी, ती भारतीय असो, पोलिश असो वा चिनी. रचनाकाराच्या कष्टाचे पैसे त्याला मिळाले पाहिजेत.

भारतातली किंमत

महाराष्ट्रातल्या लेगोप्रेमीची पहिली तक्रार भावाची असते. २०२०च्या अर्थसंकल्पात आयात खेळण्यांवरचं सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३मध्ये ७० टक्के. शिवाय १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांवर आयएसआय शिक्का सक्तीचा झाला. देशी उद्योगाला आधार मिळावा हा हेतू चांगला आहे. निकृष्ट, विषारी रंगांची खेळणी अडवणंही गरजेचं होतं. पण ९,००० तुकड्यांच्या संचाला देशी पर्याय तयार नव्हता, त्यामुळे त्याचा बोजा थेट छंदावर पडला. म्हणून आजही कितीतरी घरांत मोठा संच येतो तो अमेरिकेहून किंवा दुबईहून येणाऱ्या भाच्याच्या बॅगेतून, खोकं तिकडेच टाकून, नुसत्या पिशव्या आणि पुस्तिका. २०२५मध्ये गुरुग्रामला लेगोचं पहिलं अधिकृत दुकान उघडलं. संच हातात घेऊन बघता येऊ लागले ही चांगली सुरुवात आहे, पण तेवढ्याने भाव उतरत नाहीत.

आपल्याकडची दुसरी अडचण जागेची. मुंबईच्या वन-बीएचकेत १३५ सेंटिमीटरचं जहाज ठेवायचं तर टीव्हीची जागा त्याला द्यावी लागते. एबीएसला उन्हाचा त्रास होतो, खिडकीजवळ ठेवलेला पांढरा रंग पिवळा पडतो. धूळ स्टडच्या मधोमध बसते, तिला रंगाचा मऊ ब्रश लागतो.

आयुष्य किती

१३ फेब्रुवारी १९९७ रोजी 'टोकिओ एक्सप्रेस' या जहाजावरचे कंटेनर इंग्लंडच्या टोकाजवळ लाटेने समुद्रात पडले. एका कंटेनरमध्ये लेगोचे जवळजवळ ४८ लाख तुकडे होते. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर ते आजही सापडतात आणि योगायोग असा, की त्यांतले पुष्कळ तुकडे समुद्राच्याच विषयाचे होते, जसे ऑक्टोपस आणि पाणबुड्या माणसांच्या पायांतले फ्लिपर. २०२०मध्ये प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी किनाऱ्यावर सापडलेले ठोकळे तपासून असा अंदाज काढला, की समुद्रात असा ठोकळा १०० ते १,३०० वर्षं टिकू शकेल.

यावर तोड काढायचे प्रयत्न कंपनीने केले आहेत. २०१८पासून झाडं-पानं उसापासून केलेल्या प्लास्टिकची येऊ लागली. पुनर्वापर केलेल्या बाटल्यांपासून ठोकळा करायचा प्रयोग २०२१मध्ये जाहीर झाला आणि २०२३मध्ये सोडून दिला गेला, कारण त्यासाठीच्या नव्या यंत्रणेने कार्बन उत्सर्जन कमी होण्याऐवजी वाढलं असतं. एबीएसची पकड दुसऱ्या पदार्थाला सहज जमत नाही. तोवर जबाबदार उत्तर एकच उरतं. जी वस्तू शेकडो वर्षं टिकणार, ती एकदाच वापरून थांबायचं नाही.

मोडायलाही शिकू या

या छंदाचं खरं मोल मला इथे दिसतं. ठोकळा जोडला जातो तसाच सुटतो आणि सुटल्यावर नव्यासारखा उरतो. लहान मुलं हे जाणतात. संध्याकाळचा किल्ला सकाळी आगगाडी होतो. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करतो तेव्हा आपणही हेच करतो. यंदा प्रतापगड, पुढच्या वर्षी सिंधुदुर्ग, माती तीच. १८+ चा महागडा संच मात्र जोडला, फोटो काढला, काचेच्या कपाटात ठेवला, की बहुतेकांचा संपतो. मग पुढचा संच येतो, मग तिसरा. कपाट भरतं आणि हात रिकामा राहतो. ९,००० तुकड्यांचे ९,००० तुकडे पुन्हा कधी दुसरं काही होत नाहीत. आपण खेळणं विकत घेतो आणि पुतळा करून ठेवतो.

म्हणून या छंदात येणाऱ्याला मी चार गोष्टी सांगतो. पहिला संच सर्वांत मोठा घेऊ नका. हजार-दीड हजार तुकड्यांचा, विषय मनापासून आवडणारा घ्या. भाव वाढेल म्हणून एकही घेऊ नका. वापरलेले ठोकळे मिळाले तर कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन बिनधास्त घ्या, त्यांची पकड तशीच असते. आणि वर्षातून एकदा एक संच सोडवा. मोठ्या संचात तुकडे काढायला नारिंगी रंगाचं छोटं हत्यार येतं. ते खोक्यात पडून राहू देऊ नका.

माझा ताज दोन वर्षं शोकेसमध्ये होता. गेल्या महिन्यात मी घुमट काढला, भिंती उतरवल्या, तळघरातल्या कबरी हातात घेतल्या आणि २,०२२ तुकडे रंगांप्रमाणे डब्यांत लावले. आता त्याच पांढऱ्या ठोकळ्यांतून कोकणातलं एक दीपगृह उभं राहतंय. पुस्तिका नाही, दोनदा ढासळलं, जिना अजून नीट वळत नाही. तुमच्या कपाटातही एखादा संच असेल, तर या सुट्टीत तो खाली काढा आणि त्याचं दुसरं काहीतरी बांधा.